आक्काची खानावळ, आता बायपासच्या घरकुलाखाली

भरीत परत सुरू झालंय. ज्यांनी आक्काचं भरीत खाल्लंय त्यांना एवढं वाक्य पुरे, पण ज्यांना वाटतंय की स्टेशनामागची वस्ती उठली तशी आक्काची खानावळपण कायमची बंद पडली, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. बंद पडलेली नाही. जागा बदलली, टाइम बदलला, जेवणपण थोडं बदललं, आणि जुन्या गिऱ्हाइकांपैकी बोटावर मोजण्याइतके आता तिथपर्यंत जातात. मी त्यातला एक. गेल्या रविवारी जाऊन आलो, रात्रीपर्यंत हाताला भरताचा वास होता, तेव्हाच ठरवलं की लिहायचं.

गावाचं नाव लिहीत नाही. आक्कानेच सांगितलं, "मन्हं नाव नको टाकजो भाऊ, फोटोबी नको काढजो." का ते पुढे येईलच. आपल्या गावच्या माणसाला बरोबर समजेल, बस स्टँडवरून बायपासकडे जाणाऱ्या रिक्षात बसायचं आणि नुसतं "घरकुल" म्हणायचं, वीस रुपये सीट, शेवटचा स्टॉप.

माझा मोटार रिवाइंडिंगचा गाळा आहे, स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत, अकरा वर्षं झाली. मार्च-एप्रिलपासून खेड्यावरून जळालेल्या मोटारी यायला लागल्या की मान वर करायला वेळ नसतो, केळीवाला शेतकरी गाळ्यासमोर उभाच राहतो, त्याची बाग वाळत असते, त्याला संध्याकाळपर्यंत मोटार पाहिजे म्हणजे पाहिजेच. मग जेवायला घरी कोण जाणार. गाळ्यापासून तीन मिनिटांवर वस्ती आणि वस्तीच्या तोंडाशीच आक्काचं घर. पुढची पडवी हीच खानावळ. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, दोन लांब बाकडी, बाहेर उघड्यावर चूल. बोर्ड नव्हता. मालधक्क्यावरचे हमाल, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टाच्या तारखेला खेड्यावरून आलेली माणसं, समोरचा वेल्डिंगवाला, माझी कामाची दोन पोरं, सगळे एकाच बाकड्यावर. 60 रुपयात दोन भाकरी, शेवभाजी नाहीतर त्या दिवशीची भाजी, कांदा, मिरचीचा खुडा, थोडा भात. उधारी चालायची, वही नव्हती, सगळा हिशोब आक्काच्या डोक्यात आणि तो कधी चुकलेला मी बघितला नाही.

शेवभाजीबद्दल बोलायलाच पाहिजे. आता हायवेच्या कुठल्याही ढाब्यावर मिळते पण बऱ्याच ठिकाणी लाल तेलकट ग्रेव्हीत शेव आधीच टाकून ठेवतात, ताटात येईपर्यंत तिचा लगदा. आक्काचा रस्सा काळा असतो. कांदा सालासकट विस्तवात घातलेला, खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर धरून तेल सुटेपर्यंत भाजलेली, लसूण, आलं, घरी कुटलेला काळा मसाला, आणि हे सगळं पाट्यावर वाटलेलं. जाड तिखट शेव ताट वाढतानाच वरून, म्हणजे पहिल्या घासाला कुरकुरीत लागते आणि शेवटच्या घासाला रस्सा प्यालेली. मंगळवारी कढी-फुनके, म्हणजे भरडलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी, गुरुवारी पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची रस्साभाजी. आणि दिवाळी झाली की भरीत. मोठी हिरवी भरताची वांगी, तेलाचा हात लावून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, नाहीतर तुरकाट्यांच्या जाळावर भाजलेली, साल काढून लाकडी बडगीत ठेचलेली, त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी न् उडीद एकत्र दळलेल्या त्या भाकरीचा पापुद्रा सुटायचा आणि त्यात भरीत भरून खायचं, चमचा नाही, काही नाही.

तर हे सगळं चुलीवरचं होतं. ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही, माझ्यापण नाही.

लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी सर्व्हे झाला. माणसं आली, प्रत्येक दारावर लाल रंगाने नंबर टाकून गेली, फोटो काढले, आधार-रेशनकार्ड-लाइटबिल बघितलं. 1 जानेवारी 2000 ही तारीख झोपडपट्टीतल्या माणसाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ असते, त्याच्या आधीचा पुरावा कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही यावर सख्ख्या भावांची घरं वेगळी पडली. आक्काकडे 1998 चं लाइटबिल निघालं, गादीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेलं. ते बिल बघून तिच्या मालकाने, म्हणजे नवऱ्याने, दोन्ही हात जोडले होते.

घरकुल म्हटलं की खान्देशातल्या माणसाला आधी जळगाव आठवतं. त्याच वर्षी, 2019 ला, धुळ्याच्या विशेष कोर्टाने जळगावच्या घरकुल घोटाळ्यात 48 जणांना शिक्षा सुनावली होती आणि आक्काच्या बाकड्यावर महिनाभर तोच विषय होता. त्यामुळे वस्तीत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न, घर खरंच भेटेल का. जो येईल त्याला हेच विचारायचे. घर भेटलं. पण घर भेटेल का या काळजीत कामधंद्याचं काय होईल हे विचारायचं राहूनच गेलं.

आक्काचा फॉर्म मी भरलाय. तिला सही येते, वाचता येत नाही, पोरगा तेव्हा पुण्याला होता. फॉर्ममध्ये एक रकाना होता, बांधकामाचा वापर, निवासी की बिगरनिवासी. मी आक्काला विचारलं, आक्काने शेजारच्यांना विचारलं, सगळे म्हणाले बिगरनिवासी लिहू नका, दुकान दाखवलं तर घर जातं, वर पंचायत नको. मग मी निवासीवर टिक केली. खोटं काहीच नव्हतं, ती तिथे राहतच होती. पण त्या एका टिकेने पंधरा वर्षांची खानावळ कागदावरून पुसली गेली, कारण नंतर जेव्हा आम्ही विचारायला गेलो की धंद्यासाठी खाली एखादा गाळा, ओटा, काहीतरी मिळेल का, तर ऑफिसातल्या साहेबांनी तोच फॉर्म काढून दाखवला, तुम्हीच निवासी लिहिलंय. त्यांचं चूक नव्हतं. पण ती टिक माझ्या पेनाची आहे आणि आक्काने मला त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द बोलून दाखवलेला नाही, ते जास्त लागतं.

फेरीवाल्यांचा कायदा आहे ना, 2014 चा, त्यात सर्टिफिकेट असलेल्या विक्रेत्याला 30 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय जागेवरून हलवता येत नाही. वस्तीतल्याच एका भाजीच्या गाडीवाल्याकडे तसा कागद होता, त्याला 2020 नंतर फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या स्वनिधी योजनेचं 10,000 चं कर्जपण मिळालं. आक्काला वाटलं आपल्यालापण मिळेल. पण ती रस्त्यावर नव्हती, स्वतःच्या पडवीत होती. रस्त्याच्या कायद्यात घर म्हणून बसली नाही आणि घराच्या योजनेत धंदा म्हणून बसली नाही. वस्तीतली निम्मी माणसं अशीच होती हो. शिलाई मशीनवाली दारात बसायची, पापड-बिबडे लाटणाऱ्या बायका गल्लीत खाटेवर वाळत घालायच्या, एक म्हातारा घराच्या भिंतीला टेकून चपला शिवायचा. यांचं सगळ्यांचं घर आणि दुकान एकच होतं, मोजणारा आला तर त्याने घर मोजलं.

आक्काकडे कोर्टाच्या तारखेला एक वकीलसाहेब जेवायला यायचे, त्यांनी एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं होतं की 1985 ला सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या केसमध्ये म्हटलंय की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्कपण येतो, चंद्रचूडसाहेब सरन्यायाधीश होते तेव्हा, म्हणजे थोरले. माणूस कामाच्या जवळ राहतो, त्याला तिथून उठवलं तर त्याचं काम जातं, हे तेव्हाच कोर्टात मांडलं गेलं आणि कोर्टाने ते मानलं. पण साहेबांनी पुढचंपण सांगितलं, की त्याच निकालात पावसाळा संपल्यावर हटवायची मोकळीकपण दिली होती. आक्काने ऐकून घेतलं आणि त्यांच्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली.

मला नर्मदेचं आठवतं. आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडची 33 गावं सरदार सरोवरात गेली, नर्मदेच्या पाण्याच्या वादावर नेमलेल्या लवादाने 1979 ला लिहून ठेवलं होतं की ज्याची पाव हिश्श्याहून जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी 2 हेक्टर. प्रत्यक्षात मिळवायला त्या लोकांना किती वर्षं लढावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी हलकं करत नाही. पण निदान कागदावर कोणीतरी मान्य केलं होतं की नुसतं घर देऊन भागत नाही, ज्याच्यावर पोट चालायचं तेपण द्यावं लागतं. आमच्या गावात शहरातल्या माणसाला उठवताना हे कोणी लिहिलं नाही. शेताच्या बदल्यात शेत म्हणता येतं. स्टेशनाच्या बदल्यात काय देणार?

आता घराबद्दल, कारण ते न सांगणं अन्याय होईल. घर चांगलंय. 30 चौरस मीटर कार्पेट, म्हणजे साधारण 323 फूट, केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, वरचे आक्काने बचत गटातून आणि जावयाकडून उभे केले. संडास घरात. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात यायचं, रात्रभर भांडी वर ठेवून बसावं लागायचं, ते संपलं. कागद आक्काच्या नावावर आहेत, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर काहीतरी आलंय आणि ती तो कागद लॅमिनेशन करून ठेवते. नातीबद्दल म्हणाली, "आते दारले कडी शे भाऊ, पोरगी आंधारामा बाहेर जात नही." हे ऐकल्यावर मी घराबद्दल वाईट बोलू शकत नाही आणि बोलणारपण नाही.

पण सोडतीत तिला तिसरा मजला लागला. लिफ्ट नाही. जुने शेजारी चार वेगवेगळ्या बिल्डिंगीत गेले, चिठ्ठी जशी निघाली तसे. चूल लावायला जागा नाही, गच्चीवर लावली तर धुराची तक्रार, पाटा-वरवंटा घरात मांडला तर खालच्या मजल्यावर स्लॅबमधून धाडधाड आवाज, खालची बाई वर आली, बिचारीचं लेकरू आजारी होतं. मग मिक्सर घेतला. भरीत तिने गॅसवर करून बघितलं, मला डब्यात पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून स्वतःच म्हणाली, "गॅसवर वांगं शिजस भाऊ, भाजस नही." त्या वर्षी तिने भरीत बंद केलं. मी तिला सांगितलं चांगलंय, चालतंय, पण तिला नाही पटलं, आणि खरं म्हणजे तिचंच बरोबर होतं, वांगं नुसतं मऊ होतं, धुराची चव कुठून येणार.

पहिलं वर्ष तिने घरातूनच डबे केले. "तीन जिना चढीसन कोन येई जेवाले?" मालक स्टेशनकडे हमालीला जाताना सायकलच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या लावून बारा डबे न्यायचे, सात किलोमीटर, वाटेत बायपासचा चढ. वय साठच्या पुढे. एक दिवस चढावर सायकलवरून पडले, गुडघा गेला, डबे बंद आणि हमालीपण बंद. रिक्षाने डबे पाठवायचे तर जाऊन-येऊन 40 रुपये, डब्यामागे उरतंय किती.

आणि हे फक्त आक्काचं नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायका वस्तीतून चार-चार घरची कामं करायच्या, सकाळी दोन संध्याकाळी दोन, मधे घरी येऊन स्वतःचा स्वयंपाक. आता मधे घरी येणं परवडत नाही म्हणून संध्याकाळची कामं सुटली. पोरांच्या शाळा जुन्याच, नव्या वसाहतीजवळची शाळा चौथीपर्यंत, त्यापुढच्या पोरींना रिक्षा लागते, भाड्याचे पैसे नसले की त्या दिवशी पोरगी घरी, मग एक दिवस पोरगी घरीच. आक्काकडे भाकऱ्या थापायला एक बाई असायची, हात असा की भाकरी ताटावर ठेवली तर कडेला जरापण कमी-जास्त नाही. ती भाड्याने राहायची, तिच्याकडे पुरावा कशाचा असणार. घरकुलाच्या यादीत तिचं नाव नाहीच. वस्ती पाडली त्या आठवड्यात ती नवरा आणि दोन पोरं घेऊन सुरतला गेली, इथली खूप माणसं तिथे आहेत, कोणीतरी ओळखीचं निघतंच. जाताना आक्काकडून परात घेऊन गेली, आठवण म्हणून.

माझा आणि त्या वसाहतीचा संबंध मोटारीमुळे परत आला. एक दिवस चार जणं रिक्षात घालून पाण्याची मोटार घेऊन आले, 2 एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक, त्यांच्या बिल्डिंगीची. कव्हर काढलं तर जळालेल्या वार्निशचा वास, वाइंडिंग पूर्ण काळं, स्लॉटमधला कागदपण जळालेला, आणि पंपाकडून सील वितळून शाफ्टला चिकटलेलं. म्हणजे कोरडी चाललेली मोटार. तिथे पाणी चार दिवसाआड येतं, कधी येईल सांगता येत नाही, रात्री कोणीतरी बटण दाबून झोपतं, खालची टाकी संपते, मोटार चालूच. सोळा घरं आहेत एका बिल्डिंगीत. दुरुस्तीचे प्रत्येकी 200 काढायचे ठरलं होतं, नऊ घरांनी दिले, सात घरांनी हात वर केले, आणि त्या सात घरांत भांडण करायची ताकदपण नव्हती, खरंच नव्हते त्यांच्याकडे. झोपडीत महिन्याला मेंटेनन्स नावाची गोष्ट नसते. जिन्यातल्या दिव्याचं बिल, मोटारीचं बिल, टाकी साफ करणं, हे सगळं घर फुकटात मिळालं तरी दर महिन्याला मागे लागतंच. मी मजुरी घेतली नाही, तांब्याच्या तारेचे पैसे घेतले आणि पाणी संपलं की आपोआप बंद होईल असं कट-ऑफ बसवून दिलं. मोटार बसवायला स्वतः गेलो तेव्हा आक्का जिन्यात भेटली. दोन वर्षांनी भेटली. खूप वाळली होती. तेव्हा म्हणाली, "घर दिधं भाऊ, चांगलं दिधं, पन गिऱ्हाईक तठेच ऱ्हायनं."

त्या दिवशी तिथेच पार्किंगमध्ये बसून बोलणं झालं. बिल्डिंगीखाली पार्किंगला जागा सोडलीय, पण गाड्या आहेत कोणाकडे, चार सायकली आणि दोन जुन्या मोटारसायकली. एका कोपऱ्यात आक्काने दुसऱ्या आठवड्यापासून टेबल लावलं, गॅसची शेगडी, पाटा खाली आणला, खाली जमीन आहे त्यामुळे आवाज कोणाच्या डोक्यात जात नाही. नियमाने तिथे धंदा करता येत नाही. कोणीतरी तक्रार केली, माणूस येऊन तोंडी सांगून गेला, बंद करा. तेव्हा बिल्डिंगीतल्या बायका खाली उतरल्या आणि म्हणाल्या आमची काही हरकत नाही, आमचे म्हातारे दुपारी तिच्याकडे जेवतात. आता चाललंय, पण कागदावर काही नाही. म्हणून नाव नाही आणि फोटो नाही, समजून घ्या.

भरताचं असं झालं. बायपासच्या पलीकडे कपाशी-तुरीवाले एक अप्पा आहेत, त्यांच्या दोन मोटारी माझ्याकडेच असतात. त्यांच्या बांधावर पऱ्हाटीचा ढीग पडून असतो, ते तसंही पेटवूनच देतात. मी त्यांना आक्काबद्दल सांगितलं, अप्पा म्हणाले त्यात विचारायचं काय, रविवारी सकाळी येऊन भाजून घेऊ दे, बदल्यात मला एक डबा. तेव्हापासून रविवारी सकाळी सात वाजता आक्का, तिची सून आणि मोठी नात टोपली घेऊन हायवे ओलांडतात. गेल्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो बघायला. पऱ्हाटी भडकते लवकर आणि विझते लवकर, त्यामुळे सारखं घालत राहावं लागतं, नात तेच करत होती, तोंड वळवून. आक्का देठाला धरून एकेक वांगं फिरवत होती, साल तडकली की आतून सूं आवाज करत पाणी बाहेर येतं आणि जाळावर पडून चर्र होतं, तो आवाज बंद झाला की वांगं झालं. तिने मला काही सांगितलं नाही, मान तिरकी करून आवाजच ऐकत होती. तीस-बत्तीस वांगी होती. मला बघितल्यावर म्हणाली, "बस भाऊ, जाईसन भाकर टाकस."

आता चव. भरीत जसंच्या तसं आहे, यात मी काही वाढवून सांगत नाही, धूर, तिखट, कांद्याची पात, मधेच दाताखाली येणारं खोबरं. कळण्याची भाकरी आता सून करते, आक्काच्या हाताची नाही, जरा जाड आहे पण चव चांगली, सुरतला गेलेल्या बाईची सर यायला वेळ लागेल. शेवभाजी पूर्वीसारखी नाही हे स्पष्ट सांगतो, कांदा-खोबरं गॅसवर भाजतात त्यामुळे रस्स्याचा तो खोल काळेपणा थोडा कमी झालाय. पण रविवारी त्याच जाळात कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्यापण भाजून आणतात, म्हणून शेवभाजी खायची तर रविवारी नाहीतर सोमवारी खा, तोच मसाला दोन दिवस पुरतो. कढी-फुनके मंगळवारी अजूनही आहेत आणि ते पहिल्याइतकेच भारी, त्याला चूल लागत नाही. पातोडी बंद आहे, हात पुरत नाहीत.

थाळी 90, भरताची थाळी 120. जुन्या 60 शी तुलना करू नका, डाळीचे आणि तेलाचे भाव तुम्हाला माहीत आहेत. पैसे रोख नाहीतर सुनेच्या फोनवर. बसायला चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक सतरंजी. बायपासची धूळ येते, दुपारी वारा सुटला की ताट हाताने झाकावं लागतं, पाणी स्वतःचं घेऊन गेलात तर बरं, त्यांचं चार दिवसांचं साठवलेलं असतं आणि ते पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. दुपारी 12 ते 3, संध्याकाळी बंद, कारण पार्किंगमध्ये दिवा नाही. बुधवारी सुट्टी, त्या दिवशी ती मालकाच्या गुडघ्यासाठी सिव्हिलला जाते. उधारी बंद आहे. आक्काने स्वतःहून सांगितलं की जुन्या जागेवर लोकांकडे राहिलेले पैसे आलेच नाहीत, वस्ती उठली आणि माणसं जिकडे तिकडे झाली. तेव्हा स्टेशनकडच्या ज्या कोणाचे तिच्याकडे राहिलेत त्यांनी आठवून बघावं, वहीत काही नाही, पण तिच्या डोक्यात अजून सगळे आकडे आहेत आणि ती कोणाकडे मागायला येणार नाही.

अजून एक. रेल्वेकडच्या पोरांनी, बँकेतल्या, शाळेतल्या लोकांनी एकत्र ऑर्डर दिली तर सून दुपारी रिक्षाने डबे पाठवायला तयार आहे, पण कमीत कमी दहा डबे पाहिजेत, तेव्हा कुठे रिक्षाचे 40 सुटतात. माझ्या गाळ्यावर आत्ता आम्ही सहा जण आहोत, अजून चार जण मिळाले तर सोमवारपासून डबा सुरू होईल. मी गाळ्यावर नऊ ते सातपर्यंत असतो.

भरीत थंडी संपेपर्यंतच आहे, वांगी चांगली तोपर्यंतच येतात, आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं कारण ती मोजूनच भाजते. या रविवारी मी पावणेबाराला गाळ्यावरून निघणार आहे, गाडीवर मागची सीट रिकामी आहे, कोणाला यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत येऊन सांगा, म्हणजे आक्काला वांगी किती ते कळवतो.